पावणेआठ महिन्यांचा संघ : इंडोनेशियाची १६ घटकराज्यं गेली कुठे?

खलाशी (धागालेखक)

२७ डिसेंबर १९४९ ला डचांनी इंडोनेशिया सोडला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण सत्ता नेमकी कोणाच्या हाती दिली असं विचारलं की आपण पटकन सुकर्णोंच्या प्रजासत्ताकाचं नाव घेतो आणि गोम तिथेच आहे. सत्ता गेली ती 'रेपुब्लिक इंडोनेशिया सेरिकात' या संघराज्याच्या हाती. १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर केलेलं, चार वर्षं डचांशी झुंजलेलं योग्यकर्त्याचं (जावातलं शहर, तेव्हा त्यांची राजधानी) प्रजासत्ताक हे त्या संघाच्या १६ घटकांपैकी फक्त एक घटक होतं. आणि १७ ऑगस्ट १९५० ला हा संघ संपलासुद्धा. पावणेआठ महिने.

सात राज्यं होती, त्यांना नेगारा म्हणायचे : योग्यकर्त्याचं प्रजासत्ताक, पूर्व इंडोनेशिया, पासुंदान (म्हणजे पश्चिम जावा, सुंदा लोकांचा मुलूख), पूर्व जावा, मदुरा, पूर्व सुमात्रा आणि दक्षिण सुमात्रा. शिवाय नऊ स्वायत्त प्रदेश, त्यात मध्य जावा, रियाऊ, टिनाच्या खाणींची बांका आणि बेलितुंग बेटं, आणि बोर्निओचे म्हणजे कालिमंतानचे पाच तुकडे : पश्चिम, पूर्व, आग्नेय, बंजार आणि महादायाक. संघाच्या लोकसभेत १५० जागा, त्यातल्या ५० प्रजासत्ताकाला आणि १०० बाकी पंधरा जणांना, आणि वरच्या सभागृहात प्रत्येक घटकाचे दोन दोन असे ३२ सदस्य.

ही रचना आली कुठून तर हुबर्टस व्हान मूक नावाचा डच अधिकारी होता, जन्म जावातल्याच सेमारांगचा, त्याच्या डोक्यातून. जपानी हरल्यावर डच परत आले तेव्हा जावा सुमात्रात प्रजासत्ताकाने चांगलं मूळ धरलं होतं, पण पूर्वेकडची बेटं ऑस्ट्रेलियन सैन्याकडून डचांच्या ताब्यात आली होती. तिथून सुरुवात केली. जुलै १९४६ मधे सुलावेसीतल्या मालिनोला परिषद, डिसेंबरमधे बालीत देनपसारला दुसरी आणि २४ डिसेंबर १९४६ ला पूर्व इंडोनेशिया हे राज्य जाहीर झालं, राजधानी मकासार. डच आणि प्रजासत्ताक यांच्यात झालेल्या लिंगजाती करारात तर खुद्द प्रजासत्ताकानेही संघाची कल्पना मान्य केली होती : प्रजासत्ताक, बोर्निओ आणि पूर्व इंडोनेशिया असे तीनच घटक ठरले होते. तिनाचे सोळा झाले त्यात डचांच्या पुढच्या दोन लष्करी कारवायांचा मोठा हात होता, म्हणजे डच सैन्य जिथे घुसेल तिथे मागोमाग एक नवं राज्य.

आता हे वाचून कोणीही म्हणेल की बाहुल्या होत्या सगळ्या, आणि इंडोनेशियात शाळेपासून तेच शिकवतात, 'नेगारा बोनेका' म्हणजे बाहुली राज्यं. मला मात्र हे सगळ्यांना सरसकट लावणं पटत नाही. पूर्व इंडोनेशियाचंच घ्या. बाली, लोंबोक, सुम्बावा, फ्लोरेस, सुम्बा, तिमोर, सगळं सुलावेसी, मोलुक्का असे १३ विभाग, हिंदू मुसलमान ख्रिस्ती सगळे एका विधिमंडळात. अध्यक्ष बालीचे चोकोर्दा गदे राका सुकावती, ते डचांना धार्जिणे होतेच. पण त्याच विधिमंडळात प्रजासत्ताकाच्या बाजूने उघड बोलणारे लोक होते आणि फेब्रुवारी १९४८ मधे अर्नोल्ड मोनोनुतु या मिनाहासाच्या ख्रिस्ती नेत्याच्या पुढाकाराने त्यांचं शिष्टमंडळ सदिच्छा भेटीसाठी थेट योग्यकर्त्याला गेलं. आणि पंतप्रधान अनाक आगुंग गदे आगुंग, बालीतल्या गियान्यारचे राजे, यांनी डिसेंबर १९४८ मधे डचांनी योग्यकर्त्यावर हल्ला करून प्रजासत्ताकाचे अध्यक्ष सुकर्णो आणि उपाध्यक्ष हत्ता यांना पकडलं तेव्हा निषेध म्हणून अख्खं मंत्रिमंडळ घेऊन राजीनामा दिला. बाहुली राजीनामा देत नाही हो.

माझं म्हणणं एवढंच आहे की इतक्या बेटांच्या, इतक्या भाषांच्या देशाला संघराज्य शोभलं असतं. ते बुडालं कारण ते डचांनी घडवलं होतं, कल्पना चुकीची होती म्हणून नाही. तुम्हाला काय वाटतं? माहिती असेल ती भर घाला.


शुभ्रकळी

मस्त धागा, वाचनखूण साठवली! पहिल्यांदाच वाचतेय हे सगळं. एक बेसिक प्रश्न, आपल्याकडे संस्थानं विलीन झाली त्यातलाच हा प्रकार ना? कोल्हापूर पण १ मार्च १९४९ लाच मुंबई राज्यात आलं, म्हणजे काळही तोच.


खलाशी

शुभ्रकळी, काळ तोच पण मामला वेगळा. कोल्हापूर, सांगली, औंध ही ब्रिटिशांच्या आधीपासूनची घराणी, त्यांना आपापला इतिहास होता. इंडोनेशियातली ही राज्यं बहुतेक १९४६ ते ४८ च्या दरम्यान काढलेली, काहींचं वय वर्षाचंही नव्हतं. पूर्व जावा राज्य तर १९४८ च्या शेवटी शेवटी झालं. म्हणजे आपल्याकडे जुनं मोडून नवा संघ उभा केला आणि तिकडे नवा कोरा संघ मोडून एकसंध देश उभा केला. मात्र पूर्व इंडोनेशियाच्या पोटात जुनी संस्थानं होती भरपूर, बालीचे आठ राजे, बोनेचा राजा, तिमोरचे राजे वगैरे, ते आपल्या संस्थानिकांशी जुळतं.


कातळ

खलाशीभाऊ लिहिलंय चांगलं पण तुम्ही डचांना फारच सोडून दिलंत. देनपसारची परिषद ७ ते २४ डिसेंबर १९४६. बरोब्बर त्याच दिवसांत समुद्रापलीकडे दक्षिण सुलावेसीत कॅप्टन रेमंड वेस्टरलिंग आणि त्याची स्पेशल फोर्सेसची तुकडी काय करत होती ते सांगा की. पहाटे गावाला वेढा, सगळ्यांना मैदानात आणायचं, बायकामुलं एकीकडे पुरुष एकीकडे, हातात नावांची यादी, आणि ज्याचं नाव येईल त्याला तिथल्या तिथे सगळ्या गावासमोर गोळी. ना चौकशी ना खटला. फेब्रुवारी ४७ पर्यंत चाललं हे आणि माणसं हजारांनी मेली. त्या राज्याचे प्रतिनिधी एका बाजूला हॉटेलात बसून अध्यक्ष निवडत होते आणि त्यांच्याच राज्याच्या राजधानीच्या आसपासच्या गावांत हे चालू होतं. त्या राज्याला मी लोकांचं राज्य म्हणणार नाही.

आणि हे १९४६ चं झालं म्हणून सोडून देऊ म्हणाल तर ५ सप्टेंबर १९४९ ला डचांविरुद्ध लढलेल्या रॉबर्ट वॉल्टर मोंगिन्सिदी या २४ वर्षांच्या पोराला मकासारजवळ गोळ्या घातल्या. तेव्हा हेगमधे गोलमेज परिषद सुरू होऊन जवळजवळ दोन आठवडे झाले होते, टेबलावर सत्ता सोपवायच्या गोष्टी चालू होत्या. त्याला वाचवता आलं का पूर्व इंडोनेशियाच्या सरकारला? नाही. मग सत्ता कोणाची होती ते स्पष्टच आहे.

५० आणि १०० जागांचं गणित पण बघा. लढले कोण, तुरुंगात कोण गेले आणि जागा कोणाला किती.


खलाशी

कातळ, वेस्टरलिंगबद्दल एक शब्दही मागे घ्यायला लावणार नाही तुम्हाला, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे आणि धाग्यात ते यायलाच हवं होतं. नेदरलँड्सने त्या हत्याकांडाबद्दल अधिकृत माफी मागायला २०१३ उजाडलं.

पण सत्ता डचांची होती म्हणून तिथली माणसंही डचांची होती असं होत नाही, माझा मुद्दा तिथे आहे. जुलै १९४९ मधे, म्हणजे हेगला जायच्या आधी, या राज्यांचे प्रतिनिधी आणि प्रजासत्ताकवाले आपापसात बसले, आधी योग्यकर्त्यात आणि मग जकार्तात. राष्ट्रध्वज लाल पांढरा, राष्ट्रगीत इंडोनेशिया राया, हे तिथे ठरलं. प्रजासत्ताकाचंच सैन्य संघाच्या सैन्याचा गाभा होईल हेही तिथेच. डचांचा हिशोब असा होता की ही पंधरा राज्यं हेगला आपल्या बाजूने बसतील आणि प्रजासत्ताक एकटं पडेल, प्रत्यक्षात दोन्ही इंडोनेशियन बाजू बऱ्याच प्रश्नांवर एकत्र बोलल्या. संघाचा अध्यक्ष निवडायची वेळ आली तर १६ डिसेंबरला याच राज्यांच्या प्रतिनिधींनी सुकर्णोंना निवडलं. तेव्हा बाहुल्या म्हणताना थोडं थांबावं एवढंच.

जागांबद्दल : डचांना वरचष्मा ठेवायचा होता हे खरंच आहे. पण जावा आणि मदुरात देशाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या, निव्वळ डोकी मोजून जागा दिल्या असत्या तर मोलुक्काच्या किंवा तिमोरच्या माणसाला कोणत्या दिल्लीत, आपलं जकार्तात, कोणी विचारलं असतं?


चलनवलन

नाणी नोटांच्या छंदामुळे या संघाशी माझी ओळख जुनी आहे. १ जानेवारी १९५० तारखेच्या ५ आणि १० रुपियाच्या नोटा आहेत, सुकर्णोंचं चित्र आणि वर 'रेपुब्लिक इंडोनेशिया सेरिकात' असं नाव छापलेलं. त्या संघाच्या एवढ्याच दोन नोटा. टपाल तिकिटं तर बहुतेक डच काळातलीच घेऊन त्यावर नुसता 'आरआयएस' असा ठसा मारलाय.

पण खरी गोष्ट सांगतो ती मार्च १९५० ची. संघाकडे पैसा नव्हता आणि बाजारात पैसा नको तितका होता. प्रजासत्ताकाच्या वेगळ्या नोटा, डच प्रशासनाच्या वेगळ्या, जावा बँकेच्या जुन्या वेगळ्या, शिवाय महागाई. अर्थमंत्री होते शफ्रुद्दीन प्रविरानेगारा, हे तेच गृहस्थ ज्यांनी सुकर्णो हत्ता कैदेत असताना सुमात्राच्या जंगलातून प्रजासत्ताकाचं आणीबाणीचं सरकार चालवलं. त्यांनी १९ मार्चला हुकूम काढला की डच काळातली ५ गुल्डन किंवा त्यावरची जी नोट असेल ती कात्रीने मधोमध कापा. डावा अर्धा भाग निम्म्या किमतीला चालेल, तोही ठरलेल्या मुदतीपर्यंत, मग बदलून नवीन नोटा घ्या. उजवा अर्धा भाग सरकारकडे जमा करा, त्याचे कर्जरोखे मिळतील. म्हणजे सक्तीचं कर्ज! लोकांनी घराघरात नोटा कापल्या. बँकेतल्या ठेवी पण तशाच अर्ध्या केल्या. याला 'शफ्रुद्दीनची कात्री' असंच म्हणतात तिकडे. अशी अर्धी कापलेली नोट संग्राहकांकडे बघायला मिळते, कापलेली कड वाकडीतिकडी असते कारण बँकेत यंत्राने नाही, माणसांनी आपापल्या कात्रीने कापलीय.

आणि पैसा का नव्हता ते पण सांगायला हवं. हेगच्या करारात डच ईस्ट इंडिजचं कर्ज या संघाच्या डोक्यावर आलं, ४.३ अब्ज गुल्डन. त्यात स्वातंत्र्य चिरडायला डचांनी जो लष्करी खर्च केला त्याचाही मोठा वाटा होता. आपल्यावर झाडलेल्या गोळ्यांचं बिल आपणच भरायचं! १९५६ मधे इंडोनेशियाने उरलेलं कर्ज नाकारलं ते उगाच नाही. माझ्या मते संघ बदनाम व्हायला राज्यांच्या भानगडींइतकंच हे कर्ज कारणीभूत आहे, कारण सामान्य माणसाला संघ म्हणजे हेगचा करार आणि हेगचा करार म्हणजे हे कर्ज असं सरळ दिसत होतं.


रानजाई

बाप रे, नोटा कापायच्या? हे तर कधीच ऐकलं नव्हतं. चलनवलन, फोटो असेल तर टाका ना प्लीज.
खलाशी, पण मग संघ नेमका मोडला कसा? कोणी मोडला?


खलाशी

रानजाई, तोच भाग सगळ्यात वेगवान आहे.

सत्तांतराला महिनाही झाला नाही आणि २३ जानेवारी १९५० ला वेस्टरलिंग पुन्हा आला. तोवर तो सैन्यातून बाहेर पडलेला होता. डच सैन्यातून फुटलेले आणि त्याने गोळा केलेले लोक घेऊन पासुंदानमधलं बांडुंग शहर काही तासांसाठी ताब्यात घेतलं, इंडोनेशियन सैन्याच्या सिलिवांगी डिव्हिजनच्या मुख्यालयावर हल्ला केला आणि दिसेल त्या इंडोनेशियन सैनिकाला मारलं, ९४ जण गेले त्यात. संघटनेचं नाव काय तर 'रातू आदिल'ची सेना. रातू आदिल म्हणजे जावाच्या जुन्या भविष्यवाणीतला न्यायी राजा, जो येऊन सगळी दुःखं संपवणार आहे. मागणी होती की पासुंदान राज्य टिकवा, संघ टिकवा. झालं बरोबर उलटं, त्या दिवसापासून संघ टिकवा म्हणणारा प्रत्येक माणूस वेस्टरलिंगच्या पंगतीतला ठरला. पासुंदानचे प्रमुख विरानाताकुसुमा, जे १९४५ मधे प्रजासत्ताकाचे पहिले गृहमंत्री होते, त्यांनी सत्ता संघाच्या हवाली केली आणि मार्चमधे ते राज्य संपलं.

मग रांगच लागली. पूर्व जावा, मध्य जावा, मदुरा इथे मोर्चे, ठराव, 'आम्हाला योग्यकर्त्यात विलीन करा'. ८ मार्चला संघाने तातडीचा कायदा करून विलीनीकरणाला वाट करून दिली. दक्षिण सुमात्रा गेलं, कालिमंतानचे तुकडे गेले. एप्रिलच्या सुरुवातीला जकार्तात पोंटियानाकचे (पश्चिम कालिमंतान) सुलतान हामिद यांना वेस्टरलिंगच्या कटात सामील असल्यावरून अटक झाली. त्याच सुमारास ३ एप्रिलला संघाच्या लोकसभेत मश्युमी या मुस्लीम पक्षाचे नेते मोहम्मद नात्सिर यांनी प्रस्ताव मांडला की सगळ्या घटकांनी, प्रजासत्ताकानेही, एकाच वेळी विसर्जित होऊन एक देश करावा म्हणजे कोणी जिंकलं कोणी हरलं असं व्हायला नको. हा प्रस्ताव मला फार शहाणपणाचा वाटतो. ५ एप्रिलला मकासारमधे कॅप्टन आंदी अझीझ या जुन्या डच सैन्यातल्या अधिकाऱ्याने बंड केलं, जकार्ताहून येणारं सैन्य उतरू द्यायचं नाही म्हणून. तेही फसलं. आणि उरलेली दोन राज्यं, पूर्व इंडोनेशिया आणि पूर्व सुमात्रा, मे महिन्यात वाटाघाटीला बसली. १९ मे ला करार, १७ ऑगस्टला नवा एकसंध देश.


दूरदेशी_नंदा

मी सध्या जकार्तात असते, नवऱ्याची नोकरी इथे आहे. सुलतान हामिदचा विषय निघाला म्हणून लिहितेय. इथे कुठल्याही सरकारी ऑफिसात जा, शाळेत जा, भिंतीवर सोनेरी गरुड असतो, छातीवर पाच चिन्हांची ढाल, पायात पट्टी आणि त्यावर 'भिन्नेका तुंगल इका' (विविधतेत एकता). पंखांना १७ पिसं, शेपटीला ८, शेपटीच्या मुळाशी १९ आणि मानेवर ४५, म्हणजे स्वातंत्र्याची तारीख. तर हे चिन्ह बनवलं त्या सुलतान हामिदनेच! संघाच्या मंत्रिमंडळात ते बिनखात्याचे मंत्री होते आणि राजचिन्हाचं काम त्यांच्याकडे होतं. ११ फेब्रुवारी १९५० ला ते मंजूर झालं आणि दोन महिन्यांत ते स्वतः तुरुंगात, पुढे १० वर्षांची शिक्षा.

पहिल्या आकृतीत गरुडाला माणसासारखे हात आणि खांदे होते, आपल्या देवळातल्या गरुडासारखे, ते लोकांना आवडलं नाही म्हणून पूर्ण पक्षी केला. मग डोक्यावर तुरा नव्हता, तो बोडका वाटतो म्हणून सुकर्णोंनी तुरा घालायला लावला.

पोंटियानाकच्या लोकांना या गोष्टीचा फार अभिमान आहे आणि त्यांना राष्ट्रीय वीर जाहीर करा अशी मागणी तिथून होत असते. पण वेस्टरलिंगच्या कटामुळे ते काही होत नाही. एवढ्या कमी दिवसांच्या संघाचं आज रोज डोळ्यासमोर असणारं काही उरलं असेल तर हा गरुडच.


उत्तरसमुद्र

नेदरलँड्सहून. या गोष्टीचा एक तुकडा इथे आहे आणि तो कोणीच बोललं नाहीये अजून.

पूर्व इंडोनेशिया विलीन होणार हे दिसल्यावर २५ एप्रिल १९५० ला अंबोनमधे दक्षिण मोलुक्काचं वेगळं प्रजासत्ताक जाहीर झालं. त्यामागचा माणूस ख्रिस सौमोकिल, पूर्व इंडोनेशियाच्या सरकारात कायदा खात्यात मोठ्या पदावर होता. त्यांचं म्हणणं साधं होतं, आम्ही संघात यायला हो म्हटलं होतं, एकसंध देशात यायला नाही, संघ तुम्ही मोडलात तर आम्ही मोकळे. नोव्हेंबरपर्यंत इंडोनेशियन सैन्याने अंबोन घेतलं, नंतर सेराम बेटाच्या जंगलात कित्येक वर्षं झुंज चालली, सौमोकिल १९६३ ला सापडला आणि १९६६ मधे त्याला मृत्युदंड दिला.

पण हजारो मोलुक्की सैनिक जावामधे डच वसाहतीच्या सैन्यात होते. ते सैन्य २६ जुलै १९५० ला बरखास्त झालं. आता या लोकांना सोडायचं कुठे? त्यांना जावात उतरायचं नव्हतं आणि अंबोनला जकार्ता पाठवू देईना. शेवटी १९५१ मधे साधारण १२,५०० माणसं, सैनिक बायका पोरं, बोटीत घालून इकडे आणली, काही महिन्यांसाठी म्हणून. बोटीतून उतरल्या उतरल्या सैनिकांच्या हातात नोकरीवरून कमी केल्याचा कागद. पिढ्यानपिढ्या डच झेंड्याखाली लढलेली माणसं होती ती! आणि ठेवलं कुठे, तर वेस्टरबोर्कला, जिथून नाझींनी ज्यूंना छळछावण्यांत पाठवलं त्याच बराकींमधे. फुख्टलाही तसंच. कामही करू द्यायचे नाहीत सुरुवातीला, कारण परत जायचंच आहे ना.

ते परत गेले नाहीत. पुढच्या पिढीच्या काही पोरांनी १९७५ ला आणि परत १९७७ ला आगगाड्या ओलीस धरल्या, माणसं मेली, तेव्हा कुठे डच लोकांनी विचारलं की ही मंडळी आहेत तरी कोण. आमच्या भागात एक मोलुक्की वस्ती आहे, २५ एप्रिलला तिथे अजूनही घरांवर निळा पांढरा हिरवा लाल झेंडा लागतो. मी तिथल्या एका आजोबांशी बोललोय, बराकीत जन्मलेले. त्यांना डचांचा राग आहे तेवढाच जकार्ताचाही. 'आम्हाला कोणी विचारलंच नाही' हे वाक्य त्यांनी मला परत परत ऐकवलं.

कातळ, राज्यं बाहुल्या होती हे मला बऱ्याच अंशी पटतं. पण बाहुली मोडली तेव्हा त्यात राहणाऱ्या जिवंत माणसांचं काय करायचं हे कोणीही ठरवलेलं नव्हतं, डचांनी नाही आणि सुकर्णोंनीही नाही.


कातळ

उत्तरसमुद्र, हे वाचून खरंच गप्प झालो. वेस्टरबोर्कचं माहीत नव्हतं मला.


सातारी_गडी

आपला महाराष्ट्राचा पण एक दुवा आहे आणि तो फार अभिमानाचा नाहीये म्हणून मुद्दाम लिहितो. ऑक्टोबर १९४५ मधे सुराबायाला ब्रिटिशांनी जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला जी ४९ वी इंडियन ब्रिगेड उतरवली तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं, महायुद्ध संपलं आता घरी जायचं म्हणणारी, ती उतरली थेट दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यलढ्यात आणि तेही चुकीच्या बाजूला. ३० ऑक्टोबरला त्यांचा ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला, १० नोव्हेंबरपासून ब्रिटिशांनी शहरावर तोफा आणि विमानं सोडली. १० नोव्हेंबर इंडोनेशियात वीर दिन म्हणून पाळतात. दोन्हीकडे माणसं पडली, आपल्याकडच्यांना ना तिथलं कोणी विचारतं ना इथलं. काही भारतीय सैनिक शस्त्रांसकट इंडोनेशियन बाजूला गेले होते हेही खरं आहे.

नंतर भारताने बाजू नीट घेतली. जुलै १९४७ मधे बिजू पटनायक स्वतः विमान घेऊन गेले आणि डचांच्या नाकाबंदीतून प्रजासत्ताकाचे माजी पंतप्रधान सुतान शाहरीर यांना बाहेर काढून आणलं. डिसेंबर ४८ च्या हल्ल्यानंतर नेहरूंनी डच विमानांना भारतावरून उडायला बंदी केली आणि जानेवारी ४९ मधे दिल्लीत आशियाई देशांची परिषद घेतली. लगेच २८ जानेवारीला सुरक्षा परिषदेचा ठराव आला, कैद्यांना सोडा आणि १ जुलै १९५० च्या आत सत्ता द्या म्हणून. खलाशी, त्या ठरावात पण 'संघराज्य' असाच उल्लेख आहे ना?


खलाशी

हो सातारी, संघराज्य, स्वतंत्र आणि सार्वभौम असे शब्द आहेत त्यात. म्हणजे ही कल्पना नुसती व्हान मूकची राहिली नव्हती. आणि मराठा पलटणीबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं.


शुभ्रकळी

पूर्व सुमात्राबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. ते शेवटपर्यंत का टिकून राहिलं?


खलाशी

शुभ्रकळी, तिथे मळे होते. मेदानच्या आसपासची देलीची तंबाखू जगभर सिगारला जायची, शिवाय रबर आणि पामतेल. डचांनी जमिनी घेतल्या त्या मलय सुलतानांशी करार करून, सुलतान गब्बर झाले, आणि मजुरीला आणले चिनी आणि मग लाखोंनी जावातले मजूर. त्यामुळे मलय लोक आपल्याच मुलखात अल्पसंख्य झाले. मार्च १९४६ मधे तिथे 'सामाजिक क्रांती' झाली, सुलतानांची घराणी कापली, अमीर हमझासारखा मोठा मलय कवी त्यात मारला गेला, तो तर राष्ट्रवादी होता. मग वाचलेल्या मलय सरदारांना आणि सिमालुंगुनच्या राजांना डचांचं राज्य हाच आसरा वाटला. डिसेंबर १९४७ मधे राज्य झालं, प्रमुख डॉ. तेंगकू मन्सूर. पण मळ्यातले जावानी मजूर, बताक जमातीचे लोक, सगळे प्रजासत्ताकाकडे बघत होते. म्हणजे राज्याला भीतीचं कारण खरं होतं पण पाठिंबा मूठभरांचा. कातळ, इथे मी तुमच्या बाजूने आहे, हे राज्य निवडणुकीत आठवडाभर टिकलं नसतं.


रानजाई

अवांतर : असे अल्पायुषी संघ त्या काळात बरेच झाले की. सेनेगल आणि फ्रेंच सुदानचा माली संघ १९६० मधे स्वतंत्र होऊन दोन महिन्यांत फुटला. वेस्ट इंडीजचा १९५८ ते ६२, तो तर पूर्ण स्वतंत्र व्हायच्या आधीच जमैका बाहेर पडल्यावर संपला, क्रिकेट टीम तेवढी राहिली. पण या दोन्हीत घटक वेगळे होऊन देश झाले. इंडोनेशियात मात्र सगळे घटक एकात विरघळले, हे मला वेगळं वाटलं.


दूरदेशी_नंदा

रानजाई छान मुद्दा. इथे त्याचा परिणाम अजून दिसतो. १९९८ ला राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाल्यावर अमीन राईस या राजकीय नेत्याने संघराज्याचा विचार करा म्हणून विषय काढला तर केवढा गदारोळ झाला, संघराज्य म्हटलं की लोकांना डचच आठवतात. मग १९९९ च्या कायद्याने अधिकार खाली दिले, २००१ पासून अमलात आले, पण ते दिले जिल्ह्यांना आणि शहरांना, प्रांतांना नाही. कारण प्रांत मोठा असतो, पैसा आणि अधिकार मिळाले तर तो फुटू शकतो, जिल्हा फुटून जाणार कुठे. आमच्याकडे कामाला येणारी बाई फ्लोरेसची आहे, ती म्हणते जिल्हाप्रमुख आता आमचा माणूस असतो, आम्ही निवडतो, पण रस्त्याचा पैसा अजून जकार्ताकडेच मागावा लागतो.


कातळ

मग खलाशी, तुमचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. संघराज्य त्या देशाला चाललं असतं, कदाचित. पण १९५० मधे चाललं नसतं, कारण १९४६ ते ४९ मधे ज्यांनी घरदार गमावलं त्यांच्यासमोर तुम्ही डचांनी आखलेल्या सीमा तशाच ठेवून 'हे आता आपलं' म्हणू शकत नाही. पूर्व जावाच्या माणसाने मोर्चा काढून स्वतःचं राज्य विसर्जित करा म्हटलं, त्याला कोणी पैसे देऊन आणलं नव्हतं. नात्सिरचा प्रस्ताव योग्य होता, फक्त पुढे त्यांनी प्रांतांना जे द्यायला हवं होतं ते दिलं नाही. १९५८ मधे सुमात्रा आणि उत्तर सुलावेसीत बंडं झाली आणि स्वतः नात्सिर आणि तुमचे कात्रीवाले शफ्रुद्दीन त्या बंडात सामील होते! शफ्रुद्दीन तर बंडखोर सरकारचे पंतप्रधान. एकसंध देशाचा प्रस्ताव आणणारा माणूस आठ वर्षांत जकार्ताविरुद्ध सुमात्राच्या डोंगरात.


खलाशी

कातळ, नात्सिरचा हा प्रवास मी मूळ लेखात घालायला हवा होता असं आता वाटतंय, तुम्ही घातलात, आभार. तुमचा '१९५० मधे नाही' हा मुद्दा मला खोडता येत नाही, फक्त मी त्यात भर घालीन की १९५० मधे नाही तर कधी याचं उत्तर पुढची पन्नास वर्षं कोणी दिलं नाही.

अनाक आगुंगचं पुढे काय झालं ते विचारलं नाही कोणी पण सांगतो. संघाच्या हत्ता मंत्रिमंडळात ते गृहमंत्री होते, म्हणजे राज्यांच्या विलीनीकरणाची कागदपत्रं त्यांच्याच खात्याकडून जात होती, स्वतःच्या पूर्व इंडोनेशियाचं राजकारण विझताना बघत. १९५५ मधे परराष्ट्रमंत्री झाले. १९६२ मधे सुकर्णोंनी शाहरीर आणि इतरांबरोबर त्यांनाही तुरुंगात टाकलं, खटला नाही काही नाही, १९६६ ला सुटले. आणि २००७ मधे इंडोनेशिया सरकारने त्यांना राष्ट्रीय वीर जाहीर केलं. ज्या राज्याला शाळेत बाहुली म्हणून शिकवतात त्याच राज्याचा पंतप्रधान.

चलनवलन, रानजाईने फोटो मागितलाय कापलेल्या नोटेचा, मलाही बघायचाय. आणि कोणाकडे पासुंदान किंवा मदुराबद्दल वाचलेलं काही असेल तर इथेच लिहा, त्या दोन राज्यांवर मी फारच धावतं लिहिलंय.